डाळीचं पाणी

आमच्या गावची नगरपालिका माझ्या माजघराच्या दाराबाहेर भरत असे. हे सांगितलं की घरातली पोरं हसतात. हसा बाप्पा, हसायला काय जातं! पण खोटं नाही. कमेटीची कचेरी म्हणजे पत्र्याची एक खोली, आणि आमच्याकडचा उन्हाळा असा की त्या खोलीत दुपारी माणूस बसला तर उठताना अर्धा भाजून निघेल. माझे सासरे मेंबर, आमची ओसरी मोठी, शेणानं सारवलेली, गार. तेव्हा एका उन्हाळ्यात सभा आमच्याकडे आली आणि पुढं पावसाळा, हिवाळा येऊन गेला तरी ती उठून गेली नाही. पाहुणा गोड लागला की त्याला घर सोडवत नाही, तसं झालं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपूरहून निघायचा, बुलढाण्याला डिप्टी कमिशनरच्या कचेरीत मुरायचा, आणि मग रेल्वेच्या कडेच्या आमच्या गावात येऊन आमच्या ओसरीवर चहा पीत बसायचा. अध्यक्ष म्हणजे कापसाचे मोठे व्यापारी. एक वकील होते, त्यांना प्रत्येक गोष्टीत हरकत असे. आणखी चार-पाच जण मान हलवायला. कागद वाचायला एक कारकून, त्याचा आवाज असा की मर्तिकाची आणि लग्नाची बातमी तो एकाच सुरात सांगे. आणि आमचे मामंजी. जातीनं माळी, गावाबाहेर वांगी-मिरचीचा मळा, बोलणं थोडं, पण वार्डानं त्यांना निवडून दिलेलं.

मी दाराआड. एक फळी लावलेली, एक उघडी, आणि उघड्या फळीच्या मागं मी, हातात चहाची किटली. सारं ऐकू यायचं. कोंडवाड्यातली गाढवं कोणी सोडवून नेली नाहीत तर त्यांचं काय करायचं. मिरचीवाल्यांनी आठवडी बाजारात वाऱ्याच्या कोणत्या अंगाला बसायचं, कारण वकिलांना शिंका येतात. कोणत्या बोळात कंदिलाचा खांब लावायचा आणि त्याची काच कोणाचा पोरगा फोडतो. कोणाच्या दारापुढची नाली तुंबली हे मला बसल्या जागी कळत होतं, पण ते दार कसं दिसतं ते मी पाहिलेलं नव्हतं. हे कसलं जगणं, तुम्हीच सांगा.

घरात बाईमाणूस मी एकटी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नणंद नाही, जाऊ नाही. मूलही तेव्हा नव्हतं, पुढं झालं ती गोष्ट वेगळी. नवरा जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकुनीला. कापसाच्या दिवसांत तो अंगावर पांढरी रुई घेऊन घरी यायचा, जेवायचा आणि झोपायचा. मामंजींशी तर बोलायची सोयच नव्हती. सुनेनं सासऱ्यापुढं येऊन बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. काही सांगायचं असलं की नवऱ्याच्या तोंडून. नवरा घरात नसला की मी दाराच्या चौकटीला सांगायची, "पान वाढलंय म्हणावं." आणि तेही चौकटीलाच सांगायचे, "सूनबाईले सांगा, आज भाकर अर्धीच." सांगणारं तिसरं माणूस घरात कोणी नाही, तरी आमचं दोघांचं असं चालायचं. दोघंही भली माणसं होती. भल्या माणसांची हीच पंचाईत, त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

माझं माहेर खाली मेहकरकडं, डोणगावजवळच्या एका खेड्यात. तिथं आम्ही पाच बहिणी, दोन चुलत्या, एक आत्या, आणि सकाळपासून निजेपर्यंत बडबड. तिथून उचलून मला या मुक्यांच्या घरात आणून टाकलं. एकटेपणा हा शब्द मला तेव्हा ठाऊक नव्हता. मला वाटायचं आपल्याला काहीतरी आजार झाला आहे, आणि तो आतल्या आत वाढतो आहे.

सुटका एकच होती, विहीर.

चावडीमागं जुनी बांधीव विहीर होती, तिला रुंद काठ, चार रहाट, आणि एका बाजूला निंबाची सावली. सकाळी एकदा आणि उन्हं कलली की एकदा. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण नक्की कोणा पुरुषानं केली असणार. अरे शहाण्या, बाईनं काखेत कळसा घेतला तो गावाला वळसा घालता यावा म्हणूनच ना! रिकाम्या हातानं बाई रस्त्यानं चालली की दहा जण विचारणार, कुठं गं, कोणाकडं गं. कमरेवर घागर असली की कोणी विचारत नाही. घागर म्हणजे आमची परवानगी होती. तिच्यावाचून मला कोणाच्या घरी पाऊल टाकायला कारण नव्हतं, संक्रांतीचं हळदीकुंकू सोडलं तर.

तिथंच मला मावशी भेटली. सख्खी नव्हे. एक म्हातारी, बाजारपेठेतल्या चार-पाच व्यापाऱ्यांच्या घरी पाणी भरायची. डोक्यावर पाण्याचे दोन पितळी गुंड, कमरेवर एक, आणि चाल अशी की थेंब सांडत नसे. मी नवी नवरी, पहिल्याच आठवड्यात माझा दोर रहाटात अडकला. इथल्या बाया हसत होत्या. मागून आवाज आला, "अगं, असा कामून ओढतीस? ढील दे जरा." 'का' विचारायला इथं सगळे 'काऊन' म्हणतात. 'कामून' म्हणतात ते आमच्या तिकडं. मी वळून पाहिलं आणि भर विहिरीवर रडायला लागले. तिनं विचारलं, "कोण्या गावची गं तू?" मी सांगितलं. ती डोणगावची निघाली. आमच्या गावचा ओढा तिला ठाऊक, आमच्या आत्याचं घर तिला ठाऊक. झालं, त्या दिवसापासून ती माझी मावशी.

नवरा जिनात हमालीला आला म्हणून ती इकडं आली होती. तो गेला, मूल नाही, भाऊबंदांनी तिकडची खोली घेतली. ती इथंच राहिली, जिनाच्या मागच्या बोळात एका खोपटात. तोंडाची फटकळ होती. मला म्हणायची, "तुझा सासरा मेंबर झाला, पण आमच्या रहाटाची कुरकुर काही थांबली नाही. सांग की त्याला." मी म्हणायची, "मी कशी सांगू? मी तर चौकटीशी बोलते." त्यावर ती पोट धरून हसायची. मग निंबाखाली टेकायची, पायातला काटा काढता काढता पैनगंगेच्या पुराची गोष्ट सांगायची, आमच्याकडच्या जत्रेतल्या गोष्टी सांगायची. माझं सासर, माझा नवरा, मला दिवस का जात नाहीत, हे सारं मी तिच्याशी बोलले. दुसऱ्या कोणाशी बोलले नाही. एकदा मला म्हणाली, "आपल्याला इथं एकमेकींवाचून कोण आहे गं?" तिनं ते सहज म्हटलं, पण मी रात्रभर ते मनात घोळवत राहिले.

आणि मग नळ आले.

कित्येक महिने ओसरीवर दुसरा विषय नव्हता. तलाव, टाकी, लोखंडाचे पाइप. स्टेशनवर पाइप उतरले तेव्हा गाव बघायला लोटलं. बोळाबोळातल्या नळांचे खांब कुठं रोवायचे यावरून कमेटीत जी भांडणं झाली ती मी किटली धरून ऐकली. प्रत्येक मेंबराला खांब आपल्याच दाराशी हवा. सरकारचा पैसा, गावचं पाणी, आणि आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसा हा त्याला नळ वाटतो, तो याला. गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायांना आमच्या विहिरीवर चढूच देत नसत, खरी गरज त्यांना होती. त्यांचा खांब सगळ्यात शेवटी लागला. हेही मी दाराआडूनच ऐकलं.

एका सभेत अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, तुमच्या घरी अंगणात नळ पाहिजे. मेंबराची सून विहिरीवर पानी भरते, हे काही शोभत नाही. लोग हसतात."

मामंजींनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "हाव, पोरीले लय लांब जा लागते."

ठरलं. एका वाक्यात ठरलं. गाढवांवर त्यांनी दोन सभा घालवल्या होत्या.

त्या दिवशी जेवताना मामंजी नवऱ्याला म्हणाले, मला ऐकू जाईल असं, "सूनबाईले सांग, आता डोक्यावर पानी नाई वाहाचं. आपल्या घरी नळ येऊन राह्यला." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. आपण सुनेला काही तरी मोठं देतो आहोत असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला मात्र कोणी पायात बेडी घालतं आहे असं वाटलं.

रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "मला नळ नको."

"येडी झाली काय? लोकं नळासाठी डोकी फोडून राह्यले, अन् तुले नको?"

"मला विहिरीवर बरं वाटतं."

"दोर ओढाले बरं वाटते?" तो हसला आणि कुशीवर वळला.

आता याला काय सांगायचं? मला दिवसभर बोलायला बाई नाही, हे वाक्य तेव्हा मला जुळवता आलं नाही. आणि जुळवलं असतं तरी तो म्हणाला असता, काय बोलायचं आहे ते माझ्याशी बोल.

नळ बसला. मामंजींनी नारळ फोडला, तोटी फिरवली, पाणी आलं. "पाहा म्हणावं," ते चौकटीला म्हणाले. मी पाहिलं. हळद-कुंकू वाहिलं. नंतर सगळे गेल्यावर तोटी सोडून तिथंच बसले आणि मनसोक्त रडून घेतलं, पाण्याच्या आवाजात रडणं खपून जातं म्हणून.

पुढचे दोन महिने मी घराबाहेर पडले नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी दहापर्यंत सारी कामं आटोपायची. मग संध्याकाळपर्यंत काय? दाणे निवडलेले पुन्हा निवडायची. सभेचा दिवस आला की मला बरं वाटायचं, यावरून काय ते ओळखा. माणसांचा आवाज ऐकायला मिळतो म्हणून मी कमेटीची वाट बघत होते. डास आणि नाल्या यांच्या गोष्टी मी कान देऊन ऐकायची, कोणी माहेरची पत्रं वाचत असल्यासारख्या.

एक दिवस असं झालं, वरणात कैरी घालायची ती मी डाळ शिजायच्या आधीच घातली. लक्ष नव्हतं, दुसरं काय. आता आंबट पडलं की डाळ शिजत नाही, हे कोणत्याही पोरीला ठाऊक असतं. पण पुरुषांना कुठलं? नवऱ्यानं घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "डाळ काऊन कचकच लागते आज?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नळाचं पाणी आहे ना."

मामंजींचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशीही मी कैरी आधी घातली. तिसऱ्या दिवशी चिंच. मग मामंजी चौकटीला म्हणाले, "डाळीपुरती एक घागर विहिरीची आणत जा म्हणावं." खरं सांगते, नळाच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजायची. विहिरीचं पाणी जड, त्यात तासभर जास्त जळण लागायचं. पण मला काय त्याचं. मी घागर घेतली आणि चुंबळ डोक्यावर ठेवायला विसरून तशीच पळाले.

विहिरीवर जाऊन बघते तर माय माझी, निम्मं गाव तिथं. ज्यांच्या बोळात खांब लागला होता त्या साऱ्या बाया, एकेक घागर घेऊन. मी दोर सोडला. शेजारच्या रहाटावरच्या सोनारणीनं मला विचारलं, "तुमची बी नाई शिजत काय वं?"

"नाही शिजत."

"आमची तं दगड राह्यते दगड."

तिच्या पलीकडची म्हणाली, तिचीही नाही शिजत. तिच्या पलीकडची म्हणाली, तिच्या सासूनं स्वतः चाखून पाहिली. सगळ्या खाली पाण्याकडं बघायला लागल्या. मग कोणाला तरी हसू फुटलं, आणि मग कोणालाच आवरेना. एकीनं दुसरीला काही सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं, आणि साऱ्या गावची डाळ एकदम कडक झाली होती. नळावर पाणी तासभर यायचं, रांग, धक्काबुक्की, बादल्यांची भांडणं. तिथं कोण कोणाला सुखदुःख विचारणार? सगळ्यांनाच ते कळलं होतं, आणि सगळ्यांनी एकच औषध काढलं.

मावशी निंबाखाली बसलेली. वाळली होती. व्यापाऱ्यांच्या घरी नळ गेले तसं तिचं काम सुटलं, हे मला तेव्हा कळलं. आतापर्यंत मला फक्त माझंच दुःख दिसत होतं. पण ती हसत होती. म्हणाली, "काळजी करू नको. शेठाणींची बी डाळ शिजंना झाली. डाळीचं पाणी आणून दे म्हणत्यात. डाळीनं माझं पोट धरलंय बघ." मी जवळ बसले. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. दोन महिन्यांत मला कोणी हात लावून विचारपूस केली नव्हती.

त्या उन्हाळ्यात मी रोज गेले. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस म्हणून मी मोजते. घरी यायचं, कैरी ठेवणीतली, चिंच ठेवणीतली, आणि आठवड्यातून एखाद दिवस मुद्दाम नळाच्या पाण्यात वरण लावून कच्चं वाढायचं, म्हणजे पुरावा ताजा राहतो.

पण पुरुषांचं असं, एखादी गोष्ट दोन घरांत झाली की ती बायकांची कटकट, आणि दहा घरांत झाली की तो सभेचा विषय. एक दिवस दाराआड मी ऐकते आहे तर कारकून वाचतो आहे, नळाच्या पाण्यात डाळ न शिजण्याबाबत. माझ्या हातून किटली पडायची राहिली.

वकील म्हणाले, "पाइपातला गंज उतरतो पाण्यात. मी सुरुवातीलाच हरकत घेतली होती."

अध्यक्ष म्हणाले, "आमच्या घरीपन तोच तमाशा आहे. विहिरीचं पानी आना लागते डाळीपुरतं."

मामंजी म्हणाले, "आमच्या घरी बी."

बुलढाण्याला लिहिलं गेलं. आणि आश्चर्य म्हणजे तिकडचे डॉक्टर साहेब खरंच आले, मोटारीतून, धूळ उडवत. साहेब आमचेच, मराठी, पण टोपी साहेबाची. त्यांनी सारं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिजवूनच पाहू की." ओसरीखाली अंगणात तीन-तीन दगडांच्या दोन चुली मांडल्या. एकीवर नळाचं पाणी, एकीवर विहिरीचं. डाळ एकाच डब्यातली. शिजवायला कमेटीचा शिपाई. मला नाही बोलावलं, नाहीतर मी काय ते केलं असतं. मी दाराच्या फटीला डोळा लावून उभी, आणि गावचे मेंबर दोन भांड्यांभोवती बसलेले.

नळाची डाळ आधी उकळली, आधी फुटली. शिपायानं पळीनं दाखवली. एकजीव, पिवळीधमक. विहिरीची अजून टणक. डॉक्टर साहेब दोन्ही चाखून हसले. "पाणी उत्तम आहे. डाळ का शिजत नाही ते घरी जाऊन विचारा."

कोणी हसलं नाही. हसं झालेला पुरुष फार कडक होतो, आणि इथं तर पुरी कमेटी होती. पण मला आजपर्यंत नवल वाटतं ते एका गोष्टीचं. साऱ्या गावच्या बाया, एकमेकींशी न बोलता, एकदम एकच खोटं का बोलल्या, हे त्यांच्यातल्या एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही. डॉक्टरांनी विहिरीत डोकावून पाहिलं, म्हणाले, याच पाण्यानं नारू होतो, पटकीची साथ आली तर इथूनच पसरेल. ते खोटं नव्हतं. नारूनं पाय गेलेली माणसं आमच्या बोळात होती. आणि मग वकील म्हणाले की विहीर उघडी राहिली तर बाया ऐकायच्या नाहीत. दगडी फरशा टाकून तोंड बंद करावं. हरकत कोणाचीच नव्हती. वकिलांचीही नव्हती, त्या दिवशी पहिल्यांदा.

मी काय करू शकत होते? चौकटीला सांगितलं असतं. पण चौकट मेंबर नव्हती.

फरशा यायच्या आदल्या दिवशी मी विहिरीवर गेले. बाया आल्या होत्या, पण घागरी भरून लगोलग निघत होत्या. मावशीनं दोर गुंडाळून खांद्यावर टाकला. तो तिचा स्वतःचा होता. मी म्हटलं, "मावशी, आता?"

"आता काय? तुझ्याकडं नळ, शेठाणीकडं नळ. डाळ शिजती म्हणं आता सगळ्यांची." मग माझा चेहरा बघून जरा नरम झाली. "रडू नको गं. गाव काय मोठं आहे? पडेल गाठ कुठंतरी."

गाव मोठं नव्हतंच. तिचं खोपटं माझ्या घरापासून हाकेच्या नाही तरी दोन हाकांच्या अंतरावर होतं. पण मेंबराची सून जिनामागच्या हमालांच्या बोळात कशाला जाईल? कोणत्या कामाला? घागर नाही हातात, सांगायचं काय? मी नवऱ्याला सांगितलं, "जिनाच्या मागं ती पाणी भरणारी म्हातारी राहते. तिची जरा विचारपूस कर. भाकरी देते बांधून, नेऊन दे." तो म्हणाला, "बरं." चार दिवसांनी म्हणाला, "बरी हाये म्हने." कोण म्हणे, ते मी विचारलं नाही. भाकरी त्यानंच खाल्ली असावी, हंगामाचे दिवस होते, त्याला भूक फार लागायची. पुन्हा एकदा भाजीवालीच्या पाटीत मी तिच्यासाठी जुनं लुगडं आणि शेराएक ज्वारी घातली. भाजीवाली म्हणाली, दिलं. मग भाजीवालीही यायची बंद झाली, आमचाच मळा तर भाजी कशाला, असं मामंजी म्हणाले म्हणून. हेही चांगल्यासाठीच.

हिवाळा गेला. मी तिच्याशी मनातल्या मनात बोलत असे. भाकरी थापताना तिला सांगायची, आज असं झालं, आज तसं झालं. तिची उत्तरंही मीच द्यायची, फटकळ, तिच्यासारखी. बरं वाटायचं थोडा वेळ. मग तव्यावरची भाकर करपलेली असायची.

होळीच्या सुमाराची सभा. ऊन चढू लागलं होतं. मी किटली भरून दाराआड उभी. कारकून वाचत होता, त्याच त्या सुरात. अमक्या रस्त्याला मुरूम. मंजूर. शाळेच्या घंटेला नवी दोरी. मंजूर. जिनामागील बोळात मिळालेलं बेवारस प्रेत, बाई, म्हातारी, त्याच्या लाकडांचा खर्च. मंजूर, अध्यक्ष म्हणाले.

"कोण होती हो?" वकिलांनी सहज विचारलं, पानाला चुना लावता लावता.

"पानी भरे ना पयले बाजारात, डोणगावकडची," कारकून म्हणाला. "दोन-तीन दिवस दार लावलेलंच होतं म्हणतात. कोनी नव्हतं तिचं."

पुढचं मी नीट सांगू शकत नाही. एवढं आठवतं की किटली मी खाली ठेवली, हळूच, सांडू न देता. आणि उंबरा ओलांडून ओसरीवर आले. डोक्यावर पदर होता की नाही, देव जाणे. सारे पुरुष वर बघत होते. वकिलांच्या हातात पान तसंच.

"बेवारस नव्हती ती," मी म्हटलं. "मी होते."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. त्या ओसरीवर बाईचा आवाज कधी निघाला नव्हता.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. घसा साफ करून, पोरीला समजावतात तसं म्हणाले, "सूनबाई, आता ते मंजूर होऊन गेलं."

मामंजींनी त्यांना हातानं थांबवलं. ते माझ्याकडं बघत होते, चौकटीकडं नव्हे, माझ्याकडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"इतकं जवळचं मानूस होतं तुहं," ते म्हणाले, "तं सांगितलं काऊन नाई, पोरी?"

"कोणाला सांगू, मामंजी?"

त्यांनी माझ्या मागं त्या दाराकडं, त्या चौकटीकडं पाहिलं, आणि मान खाली घातली.